दहाच मिनिटं बोलायचंय

आमच्या ऑफिसात लिफ्ट आहे, त्यामुळे जिना माझा आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे जी वळणाची जागा असते, तिथे मी गेली सहा वर्षं दिवसातून एकदा तरी पाच-सात मिनिटं नुसती उभी राहते. कुणी आलंच तर फोन कानाला लावायचा आणि "हो... हो... बघते" म्हणायचं, एवढी तयारी ठेवलेली असते.

त्या मंगळवारी जिन्यातून परतले आणि साहेबांनी गाठलं. "पुढच्या गुरुवारी सगळ्या विभागांसमोर तुमचं काम मांडा. फार नाही, दहाच मिनिटं."

मराठीतला हा 'च' मोठा लबाड आहे. "थोडंच दुखेल", "पाचच मिनिटांत पोचतो", "एकच सही हवी होती". जिथे जिथे माणसाचा घात व्हायचा असतो, तिथे तिथे हा आधी येऊन बसलेला असतो.

माझ्यासारख्यांना आपल्याकडे मुखदुर्बळ म्हणतात. शब्द ऐकून वाटावं, जबड्यात काही अशक्तपणा असेल, टॉनिक घेतलं की जाईल. कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९२१ मध्ये माणसांची अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी विभागणी मांडली, तेव्हा त्याच्या डोक्यात जबडा नव्हता. माणसाचा ओढा आत आहे की बाहेर, हा त्याचा प्रश्न होता. अंतर्मुख माणसाला बोलता येत नाही असं नाही. बोलून झाल्यावर त्याला जिना लागतो. लाजाळूपणा हे निराळं प्रकरण. त्यात लोक काय म्हणतील याची धास्ती असते. काही जण नुसते अंतर्मुख असतात आणि व्यासपीठावर मजेत बोलतात. काही जण लाजाळू असूनही गर्दीत जायला तळमळतात. माझ्याकडे दोन्ही आहेत, एकाच छताखाली, आणि त्यांचं आपसात उत्तम जमतं.

बातमी फुटताच सल्ले सुरू झाले. आमच्या विभागात एक गृहस्थ आहेत, ज्यांना माइक दिसला की वाढदिवस असल्यासारखं वाटतं. ते म्हणाले, "अहो, समोर दगडधोंडे बसलेत असं समजायचं आणि सोडायचं ठोकून." दगडधोंडे मला चालले असते. दगड शेवटी हात वर करून "एक शंका आहे" म्हणत नाहीत.

पहिले तीन दिवस मी स्लाइड केल्या. बोलायचा सराव टाळायचा असेल तर याहून इभ्रतदार काम नाही. एकोणतीस झाल्या. दहा मिनिटांत २९, म्हणजे एकीच्या वाट्याला वीस सेकंद. प्रत्येकीवर मजकूर खच्चून. मनातली योजना अशी, की लोक वाचत बसतील आणि मी बाजूच्या अंधारात उभी राहीन. पण माणूस मनातल्या मनात वाचतो ते मोठ्याने वाचणाऱ्यापेक्षा भराभर. मी दुसऱ्या ओळीवर असताना समोरचे शेवटच्या ओळीवर पोचलेले असतात, आणि त्यानंतर त्या खोलीत बघण्यासारखं काय उरतं, तर मी.

मग मुलीला सोफ्यावर बसवून तिच्यासमोर म्हणून दाखवलं. वय वर्षं नऊ, हातात वही-पेन्सिल. संपल्यावर तिने वहीतल्या रेघा मोजल्या. "आई, तू 'म्हणजे' एकेचाळीस वेळा म्हणालीस," ती म्हणाली, "आणि म्हणजे काय ते एकदाही सांगितलं नाहीस."

त्या रात्री एकोणतिसाच्या सात स्लाइड झाल्या.

पाठांतराचाही नाद करून पाहिला. पण पाठ केलेल्या भाषणाचं आगगाडीसारखं असतं. एक डबा घसरला की मागचे सगळे त्याच्यावर येऊन आदळतात. शेवटी पहिली दोन वाक्यं तेवढी घोटली, कारण सगळ्यात जास्त फजिती सुरुवातीला होते, आणि शेवटचं एक, कारण ते नसलं तर माणूस "तर... असं आहे ते" म्हणत जागेवर घोटाळत राहतो. मधला भाग पाठ करायची गरजच नव्हती. ग्राहकांच्या तक्रारी कुठून येतात, का येतात, हेच तर मी तीन वर्षं शोधत होते. ही गोष्ट ध्यानात यायला मला सहा दिवस लागले.

गुरुवार उजाडला आणि माझी खात्री पटली, की मराठी भाषा ज्यांनी घडवली ते लोक प्रेझेंटेशनं देत असणार. तोंडचं पाणी पळणं, पोटात गोळा येणं, हातपाय गार पडणं, बोबडी वळणं: अवयववार यादी आधीच तयार! वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी 'लढा किंवा पळा' ही शरीराची तऱ्हा सांगितली, तीही या यादीशी तंतोतंत जुळते. संकट दिसलं की अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतं, हृदय धावायला लागतं. कातडीचा आणि पोटाचा रक्तपुरवठा कमी करून तो मोठ्या स्नायूंकडे वळवला जातो, म्हणून हात गार आणि पोटात चमत्कारिक काहीतरी. लाळ आटते, म्हणजे तोंडचं पाणी खरोखरच पळतं. वाघापासून जीव वाचवायची ही सगळी सोय. शरीर माझी इतकी जय्यत तयारी करून "चल, सूट" म्हणत होतं आणि मी एका हातात क्लिकर, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन त्याला "अरे, थांब" म्हणत होते.

थांब म्हणून ते थांबत नाही. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले काही प्रयोग मी आदल्या रात्री वाचले होते. भाषणाआधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मी उत्सुक आहे" म्हणणाऱ्यांचं बोलणं जास्त परिणामकारक वाटलं. मला पटलं. धडधडणाऱ्या छातीला शांत म्हणणं हा धडधडीत खोटेपणा झाला. उत्सुकतेतही छाती धडधडतेच, तेव्हा नुसतं नाव बदललं की भागतं. म्हणून जिन्यात जाऊन मोठ्याने म्हणाले, "मी उत्सुक आहे." दुसऱ्यांदा म्हणाले. तिसऱ्या वेळी वरून सफाईवाल्या मावशी पोछा घेऊन उतरल्या.

"कुठं निघालात मॅडम?"

"तिसऱ्या मजल्यावर."

"मग लिफ्टनं जावा की."

सभेच्या खोलीत मी वीस मिनिटं आधीच जाऊन बसले. वायर, माइक, पडदा सगळं तपासलं. रिकाम्या खोलीशी माझं चांगलं जमतं. माणसं एकेक करून येत गेली तेव्हा ती माझ्या खोलीत आल्यासारखी वाटली, भरलेल्या सभेत मी शिरल्यासारखं नाही. सगळ्या खटाटोपात हीच एक युक्ती फुकट आणि हमखास निघाली.

आणि मग वित्त विभागाचे प्रमुख पहिल्या रांगेत येऊन बसले.

इथे ट्रियरबद्दल सांगायला हवं. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये एक पद्धत मांडली. धडधाकट माणसाला प्रयोगशाळेत, ठरवून, खात्रीने ताण कसा आणायचा? साप, विंचू, काय वाटेल ते वापरता आलं असतं. त्यांनी काय निवडलं, तर प्रेझेंटेशन. थोडा वेळ तयारी करू द्यायची, मग काढलेली टिपणं वापरू द्यायची नाहीत, आणि परीक्षकांपुढे पाच मिनिटं बोलायला लावायचं. परीक्षकांना सक्त ताकीद: हसायचं नाही, मान डोलवायची नाही. बोलणारा मधेच थांबला तर शांतपणे सांगायचं, "अजून वेळ शिल्लक आहे." एवढ्यावर भागत नाही म्हणून मग १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत जायचं, तोंडी, आणि चुकलं की पुन्हा १०२२ पासून. ही चाचणी अजून जगभर वापरली जाते. आमच्या वित्तप्रमुखांचा चेहरा थेट ट्रियरहून मागवला असावा.

घोटलेली दोन वाक्यं बाहेर पडली. आवाज माझाच होता, जरा उंचावरून आल्यासारखा. पुढचा बेत असा होता: मला चाळीस जणांशी बोलता येत नाही, एकाशी येतं, तेव्हा एकेकाशीच बोलायचं. एक वाक्य एका माणसाला, ते संपलं की दुसरा माणूस. प्रत्येक सभेत एक तरी मान डोलावणारी व्यक्ती असते. आमच्याकडे ती तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसली होती. (अशा लोकांना कंपनीने वेगळा भत्ता द्यावा.) मी बेत विसरून तिलाच धरून बसले. चार मिनिटं सलग फक्त तिच्याशी बोलल्यावर ती बिचारी अवघडून वहीत बघायला लागली, तेव्हा नाइलाजाने शेजारच्याकडे सरकले.

लेझर पॉइंटर घ्यायला नको होता. हाताची जी थरथर दोन हातांवरून कुणाला कळली नसती, ती पंधरा फुटांवरच्या पडद्यावर पोचेपर्यंत वितीएवढी होते. तो लाल ठिपका माझ्या स्तंभालेखावर असा काही नाचला, की पडद्यावर कुणाचा तरी हृदयालेख चाललाय असं वाटावं. नंतर समजलं, की एका कनिष्ठ सहकाऱ्याने त्या स्लाइडपुढे लिहून घेतलं होतं, "सर्वच स्तंभ महत्त्वाचे."

पाचव्या स्लाइडला पुढचं वाक्य गेलं. आठवेना असं नाही, समूळ गेलं, जणू कधी नव्हतंच. मी बाटली उघडली आणि पाणी प्यायले. पाणी पिणाऱ्या माणसाला "विसरलात का?" असं कुणी विचारत नाही, हा बाटलीचा खरा उपयोग. घोट गिळला, झाकण लावलं, स्लाइड वाचली, वाक्य परत आलं. मला तेवढ्यात माझं सगळं शिक्षण, लग्न आणि भविष्यनिर्वाह निधी आठवून झाला होता. मुलीने मोबाइलवरचं रेकॉर्डिंग बघून वेळ लावली: सात सेकंद.

शेवटचं वाक्य झालं. "काही शंका?" म्हणाले आणि ट्रियरचा हात वर गेला.

"मार्चमध्ये तक्रारी एकदम निम्म्यावर आल्या आहेत. काय उपाय केलेत?"

आता आश्चर्य असं, की इथे माझी भीती ओसरली. प्रश्न एका माणसाचा होता, उत्तर एका माणसाला द्यायचं होतं, आणि ते मला माहीत होतं.

"उपाय काहीच नाही, सर. मार्चमध्ये तक्रार नोंदवायचं पानच सोळा दिवस बंद होतं."

खोली हसली. मी विनोद केला नव्हता, पण मिळालेलं हसू परत केलं नाही. ट्रियर हसले नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. आणखी दोन प्रश्न आले, एकाला मी "नक्की आकडा बघून संध्याकाळपर्यंत कळवते" म्हणाले आणि आभाळ कोसळलं नाही.

नंतर माइकप्रेमी गृहस्थ हात पुढे करून आले. "काय तो पाण्याचा पॉझ घेतलात! आणि किती शांत होतात हो!"

शांत! माझी छाती प्रोजेक्टरच्या पंख्यापेक्षा मोठ्याने वाजत होती. सॅवित्स्की आणि गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हेच तपासलं होतं. बोलणाऱ्याला वाटतं आपली घबराट सगळ्यांना दिसतेय, ऐकणाऱ्यांना ती त्यामानाने फारच थोडी दिसते. आणि ही गोष्ट ज्यांना आधी सांगितली, ते बोललेही जास्त चांगले. आपण काचेचे आहोत अशी समजूत करून घेऊन मी चाळीस वर्षं काढली आणि निघाले विटांची.

पण खरी दमणूक इथून पुढे असते. भाषण दहा मिनिटांत संपतं, कौतुक संपत नाही. सहा जण येऊन बोलले. प्रत्येकाला उत्तर, प्रत्येकाला हसू, "तुमचं कसं चाललंय" वगैरे. सातवा येताना दिसला तशी मी फोन कानाला लावला आणि "हो... हो... बघते" म्हणत दार गाठलं.

वळणावर कुणीतरी आधीच उभं होतं. वित्तप्रमुख. मला बघताच त्यांनी घाईघाईने फोन कानाला लावला. "हं... हं... कळवतो," ते म्हणाले. फोन उलटा धरलेला होता.

मीही अजून "हो... हो..." करतच होते. थोडा वेळ आम्ही दोघंही आपापल्या नसलेल्या माणसांशी बोललो. मग त्यांनी फोन खिशात टाकला. मीही टाकला. ते कठड्याकडे जरा सरकले, मी भिंतीला टेकले. सहा-सात मिनिटं कुणीच काही बोललं नाही. फार बरं वाटलं.

जाताना ते दोन पायऱ्या उतरून थांबले.

"चौथ्या मजल्याचा जिनाही चांगला आहे," ते म्हणाले. "तिथला दिवा गेलाय."