वजन तोडू नका, वय तोडा

आमचा धाकटा गेल्या पंधरवड्यात चौदा वर्षांखालच्या गटात, ५७ किलोत, पहिल्याच कुस्तीत हरला. हरला त्याचं काही नाही. लंगोट चढवला की कधीतरी पाठ लागणारच. दुखणं वेगळं आहे. ज्यानं हरवलं त्याला मी ओळखलं. तीन वर्षांपूर्वी हाच गडी सतरा वर्षांखालच्या गटात माझ्या पुतण्याशी लढला होता. पुतण्या आता आयटीआय करतो, दाढी राखतो, मोटारसायकलचा हप्ता चुकला की तोंड लपवत फिरतो. आणि हा गडी आठवीत.

कुठल्या तालुक्याची स्पर्धा, कुठलं मैदान, ते लिहीत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच जायचंय.

तर सांगली-साताऱ्याच्या ज्या आईबापांची पोरं यंदा मॅटवर उतरणार आहेत, त्यांच्यासाठी चार अनुभवाचे बोल. आमचं चुकलं, तुमचं चुकू नये.

सगळ्यात आधी, खालच्या गटात बसवायला पोराचं वजन तोडणं बंद करा. काय हाल असतात ओ त्या पोरांचे! स्पर्धेच्या आदल्या दिवशी भर उन्हात जर्किन घालून पळायचं, रात्री भाकरी नाही, सकाळी पाणी नाही, काट्यावर चढेपर्यंत डब्यात थुंकत बसायचं. डोळे खोल जातात, ओठ पांढरे पडतात, आणि एवढं करून उतरतं किती, तर दीड-दोन किलो. वय मात्र बिनघामाचं तुटतं. नव्या गावची शाळा, जन्माची उशिरानं घातलेली नोंद, एक ओळखीचा माणूस आणि झेरॉक्सचे दोन रुपये. तीन वर्षं जागेवर उतरतात. पोरगं जेवूनखाऊन येतं, वर ताकद तशीच.

आपल्याकडं जन्मतारखेचा घोळ तसा जुना. वडिलांच्या पिढीत निम्मा गाव एक जूनला जन्मलेला. शाळेत नाव घालताना गुरुजी उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडं न्यायला सांगायचे. बोटं कानाला लागली की पोरगं सहा वर्षांचं. तारीख कुणालाच ठाऊक नसायची, म्हणून एक जून. त्यात अडाणीपणा होता, लबाडी नव्हती. आता आपण शिकलो. आता तारीख पक्की ठाऊक असते, म्हणून तर बदलता येते.

हाडाच्या तपासणीला घाबरू नका. डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढतात, हाडांची वाढ किती झाली ते बघतात आणि वयाचा अंदाज बांधतात. क्रिकेटवाले सोळा वर्षांखालच्या पोरांना ही तपासणी लावतात. वयचोरीविरुद्धची राष्ट्रीय संहिता २०१० सालापासून आहे. पण ते सगळं वरच्या मजल्यावर. तालुक्याला एक्स-रे कोण काढतंय? तिथं वजनकाटा नीट चालला तरी नारळ फोडावा लागतो.

बैलाच्या बाबतीत मात्र असला गाढवपणा करू नका. तिथं खपत नाही. आपल्याकडच्या शर्यतीत आदतचं, म्हणजे दुधाचे दात न पडलेल्या बैलांचं मैदान वेगळं, ओपनचं वेगळं. आदतच्या मैदानात चौसा, चार पक्क्या दातांचा बैल घुसवून बघा एकदा. गाडी सुटायच्या आधी चार म्हातारी माणसं येतात, बैलाचा जबडा उघडतात, दात मोजतात आणि मालकाला बैलासकट बांधाबाहेर काढतात. आधार नाही, दाखला नाही, समिती नाही, अपील नाही. दात. बैलाच्या शर्यतीत वयाची एवढी चाड आणि पोराच्या कुस्तीत जबडा उघडायला कुणी तयार नाही! सकाळी त्या काट्यापाशी कुणीही त्या पोराच्या कानांकडं नुसतं बघितलं असतं तरी भागलं असतं. दोन्ही कान चुरगळून गोळा झालेले. पैलवानाचे असे कान एका पावसाळ्यात होत नाहीत. चौदाव्या वर्षी असले कान व्हायचे तर पोरगं पाळण्यातून थेट आखाड्यात पडलं असलं पाहिजे.

पंच आपला पाव्हणा असेल तर निकाल योग्य असतो.

खुराकाचं म्हणाल तर दूध, तूप, बदाम आता परवडत नाहीत, थंडाई घोटायला वेळ कुणाला आहे? सुई स्वस्त पडते. मेफेंटरमाइन नावाचं औषध आहे. भूल दिल्यावर रोग्याचा रक्तदाब खाली गेला तर तो वर आणायला डॉक्टर वापरतात. आपल्याकडं रक्तदाब चांगला असलेली पोरं ते जिममध्ये टोचून घेतात. उत्तेजक म्हणून त्यावर बंदी आहे, हृदयाला घातक आहे, हे सांगणारे लोक तुमच्यावर जळतात. समजा नाडाचे, म्हणजे देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेचे लोक तपासणीला आलेच, तर दिल्लीचा आदर्श ठेवा. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत ते आल्याचं कळलं आणि पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उरला. तो एकटा पळाला आणि पहिला आला. त्याच वर्षी वाडाच्या, म्हणजे तसल्याच जागतिक संस्थेच्या आकड्यांत भारताचे २१३ नमुने दोषी निघाले; मोठ्या संख्येनं नमुने तपासणाऱ्या देशांत आपलं प्रमाण सगळ्यात वर. पदकतक्त्यात नाही तर नाही, इथं तरी झेंडा फडकतोय.

कुस्ती हरली तर पंचाला लाथ मारावी की नाही, याबद्दल दोन मतं आहेत. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या मॅटवर ते दृश्य अख्ख्या राज्यानं मोबाईलवर पाहिलं. दोन मल्लांना तीन वर्षांची बंदी जाहीर झाली आणि कुस्ती कोण जिंकलं हे निम्म्या लोकांच्या लक्षातही राहिलं नाही. तेव्हा प्रसिद्धीच हवी असेल तर मार्ग मोकळा आहे.

जत्रेतली नुरा कुस्ती, म्हणजे निकाल आधीच ठरवून लढलेली, वेगळी शिकवावी लागत नाही. पोरगं कडेला बसून बघतं आणि शिकतं.

प्रमाणपत्रासाठी खेळायलाच पाहिजे, हा गैरसमज काढून टाका. दहावीला क्रीडा गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. म्हणजे खेळ ही वाया गेलेल्या पोरांची गोष्ट राहिली नाही, हुशार बापांची झाली. ज्या खेळाचं नाव उच्चारताना जीभ अडखळते असा खेळ निवडा. बघायला कुणी आलेलं नसतं, त्यामुळं साक्षीदारही नसतो.

आणि १५ जानेवारीचं भाषण सोडू नका. खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, आता राज्य क्रीडा दिन. कराडजवळचं गोळेश्वर, १९५२, हेलसिंकी, कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, हे सगळं पाठ हवं. वर्गणी कशी निघाली, प्राचार्य खर्डेकरांनी घर कसं गहाण टाकलं, हे सांगताना आवाज थोडा कापू द्या. पण तिथंच थांबा. त्याच ऑलिम्पिकच्या निवडीत, मद्रासला, आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला अशी त्यांची तक्रार होती. दाद मागायला पतियाळाच्या महाराजांपर्यंत जावं लागलं. कुस्ती पुन्हा लावली तेव्हा त्यांनी समोरच्याला चीत केलं. हे सांगायचं नाही. पोरं नको ते प्रश्न विचारतात.

त्यांना निदान महाराज भेटले. मला टेबलावरचे सर भेटले.

हरकत घ्यायची तर लेखी घ्या, म्हणाले. कागद? तुम्ही आणा. पेन? तेही. फी पाचशे, रोख. कुस्ती सुटल्यापासून अर्ध्या तासाच्या आत. माझी वीस मिनिटं रोख पाचशे मिळवण्यात गेली, कारण खिशात फोन होता आणि मैदानाबाहेरच्या भडंगवाल्याकडं सुट्टे नव्हते. धापा टाकत आलो तर पुरावा मागितला. म्हटलं, तीन वर्षांपूर्वीचा निकाल तुमच्याच कपाटात असंल. तर कपाटाची किल्ली ज्यांच्याकडं होती ते बदलून गेले. मग पुतण्याला फोन केला, त्यानं फोटो पाठवला. दोघं मॅटवर उभे, पंचानं या गड्याचा हात वर धरलेला, मागं फ्लेक्सवर साल आणि ‘१७ वर्षांखालील’ असं ढळढळीत लिहिलेलं. सरांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, चष्मा वर करून बघितला.

“चेहरा जुळतोय हो. पण नाव कुठं लिहिलंय?”

“कान बघा की सर.”

“कानावर कारवाई करता येत नाही.”

शेजारचे दुसरे सर समजुतीच्या आवाजात म्हणाले, “जाऊ द्या दादा, मोठ्या मनानं घ्या. शेवटी दोन्ही पोरंच आहेत.”

म्हटलं, एक पोरगं आहे, दुसरा पुढच्या निवडणुकीत मतदान करणार आहे. हसले. समजुतीचे सर त्या गड्याच्याच संस्थेचे होते आणि हरकतीचा निकाल देणाऱ्या समितीतही होते, हे मला पाचशे भरल्यावर कळलं. निकाल अजून आलेला नाही. पोरगं मात्र पुढच्या फेरीत गेलं.

सगळे सर असे नसतात, हेही लिहून ठेवतो. आमच्या पोराचे सर एसटीचं भाडं स्वतःच्या खिशातून घालतात, पोरांना केळी आणतात. त्या दिवशी हरकतीच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा ते लांब नळावर हात धूत उभे राहिले. बराच वेळ धूत होते. मी त्यांना दोष दिला नाही. त्यांची नोकरी आहे, वरिष्ठ आहेत, पुढच्या महिन्यात वेतनश्रेणीचा प्रस्ताव आहे.

आणि मी कोण मोठा धुतल्या तांदळाचा? मैदानाबाहेर चहा पिताना एक जण शेजारी येऊन बसला. “तुमच्याबी पोराचं करून देतो. दोन वर्षं सहज निघतील.” मी ताडकन उठलो नाही. चहा संपेपर्यंत हिशोब केला. दोन वर्षं कमी म्हणजे पुढच्या वर्षी जिल्हा, मग विभाग, कदाचित राज्य. चहा संपल्यावर नको म्हणालो. तेवढा चहा मला अजून पचलेला नाही.

रात्री जेवताना धाकटा म्हणाला, “पप्पा, तो दादा चांगला आहे.” दादा! चौदाखालच्या गटात एक पोरगं दुसऱ्याला दादा म्हणतं आणि तिथं कुणालाच खटकत नाही. म्हणे कुस्ती सुटल्यावर दादानं त्याला कोपऱ्यात नेऊन दाखवलं, की पट काढताना, समोरच्याचे पाय धरताना, डोकं खाली घालू नको, मान अडकते, डोकं वर ठेव. पाणी पाजलं. आणि हळूच म्हणाला, “तुझं चुकलं नाही, तू लहान आहेस.”

म्हणजे त्या पोराला सगळं कळतंय. कळत नाही ते तुम्हाला.

आता तुमच्याशी सरळ बोलतो. तुम्ही म्हणजे त्याचा बाप, त्याचा वस्ताद, त्याची संस्था, आणि तो सही करणारा माणूस. हे पोरगं राज्यापर्यंत जाईल, कदाचित वर जाईल, आणि वर कुणीतरी त्याच्या मनगटाचा एक्स-रे काढेल. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बनावट जन्मदाखले दिले म्हणून भारतीय कुस्ती महासंघानं अकरा मल्लांना निलंबित केलं. नावं पोरांची आली. दाखला करून देणाऱ्यांची आली का? ज्यानं तीन वर्षं पहाटे चारला उठून जोर मारले तो बाद होणार, आणि त्याला खोटं बोलायला लावणारे तुम्ही सत्काराचे फेटे बांधून दुसरं पोरगं शोधणार. त्याच्या अंगात खरी कुस्ती आहे हो! सतरात, एकोणिसात लढवा त्याला. हरंल, शिकंल, जिंकंल. तुम्हाला धीर नव्हता. तुम्हाला याच वर्षी फ्लेक्स पाहिजे होता, चौकात, साहेबांच्या फोटोखाली. आणि त्या फ्लेक्सपायी इकडं दहा-बारा पोरं पहिल्या फेरीत घरी गेली, त्यातली निम्मी आता आखाड्याकडं फिरकणार नाहीत. त्यांच्या आयांनी उपाशी ठेवून त्यांचं वजन तोडलं होतं. लाज वाटत नाही?

आठवीत तिसऱ्यांदा बसवलाय त्याला. वर्गातली पोरं त्याच्या खांद्याला लागत नाहीत. उद्या पहाटे तालमीत जा, व्यायाम झाल्यावर त्याला जवळ बसवा आणि त्याचा वाढदिवस कधी असतो ते विचारा. बघा तो कुठली तारीख सांगतो.