बॅटरी बदलली म्हणून लेसर दहापट होत नाही

गेले काही दिवस इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक संदेश फिरतो आहे, सोबत एक छोटा व्हिडिओ. मजकूर साधारण असा: स्वस्तातल्या लेसरमधले तीन बटण सेल काढून टाका, त्या जागी लिथियमचा मोठा सेल किंवा ९ व्होल्टची बॅटरी जोडा, ताकद दहापट होते, काडी पेटते. डोळ्यांना धोका नाही, कारण लेसरवरच ‘५ मिलीवॅटपेक्षा कमी’ असं छापलेलं असतं.

माझ्या भाच्यानं हे करून पाहिलं. राजवाड्याजवळून आणलेला लाल लेसर, ९ व्होल्टची बॅटरी, दोन वायरी. ठिपका क्षणभर लख्ख उजळला आणि लगेच विझत गेला. भिंतीवर उरला तो फिकट, पसरट लाल डाग. “मावशी, बॅटरी खराब निघाली का गं?” असं विचारत तो माझ्याकडे आला. मी बरीच वर्षं एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळली. मल्टिमीटर लावून पाहिलं, बॅटरी ठणठणीत होती. गेला होता तो डायोड, म्हणजे लेसरमधला प्रकाश देणारा भाग.

संदेशाचं सगळं गणित ‘मोठी बॅटरी, मोठी ताकद’ या समजुतीवर उभं आहे. टॉर्चच्या जुन्या बल्बला ते थोडंफार लागू पडतं, कारण बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो आणि ती स्वतःच करंटला आवर घालते. लेसर डायोडला अशी सवय नाही. एका ठरावीक व्होल्टेजच्या पुढे गेलं की तो मिळेल तेवढा करंट ओढत सुटतो, म्हणून त्याच्या आधी एक रेझिस्टर, म्हणजे करंटला आवर घालणारा रोधक, बसवलेला असतो. स्वस्त लेसरमध्ये त्याच्या रक्षणाला तेवढंच असतं, दुसरं काहीही नाही.

भाच्याच्याच जोडीचा दुसरा लेसर उघडून मी त्याच्यासमोर मोजमाप केलं. पितळी नळीच्या टोकाला प्लास्टिकचं भिंग, मागे नखाएवढी पट्टी, तिच्यावर ४७ ओहमचा रेझिस्टर आणि बटण. तीन नवे सेल मिळून ४.६ व्होल्ट. बटण दाबल्यावर करंट ३५ मिलीअँपिअर, आणि सेलवरचं व्होल्टेज उतरून ३.८ च्या आसपास. डायोडवर साधारण २.२ व्होल्ट पडतात. आता हिशेब करा: ९ व्होल्टमधून २.२ वजा केले, ४७ नं भागलं, तर येतात १४५ मिलीअँपिअर. म्हणजे ठरलेल्या करंटच्या चौपट. डायोडच्या स्फटिकाची जी कड आरशाचं काम करते, ती एवढ्या प्रकाशानं स्वतःच वितळते, आणि तेही डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी. आरसा गेला की लेसर गेला. उरतो तो साध्या एलईडीसारखा मिणमिणता दिवा, म्हणजे भाच्याच्या भिंतीवरचा तो पसरट डाग.

मग लिथियमचा सेल लावून ठिपका खरोखर उजळ दिसतो, त्याचं काय? संदेशातला हा एकच भाग अर्धा खरा आहे आणि म्हणूनच लोक फसतात. पूर्ण चार्ज केलेला लिथियम सेल ४.२ व्होल्टचा, म्हणजे तीन बटण सेलपेक्षा कमीच. पण बटण सेलच्या पोटात स्वतःचा रोध बराच असतो, माझ्या मोजमापात तिन्हींचा मिळून वीसेक ओहम. मोठ्या सेलमध्ये तो जवळजवळ नसतो. त्यामुळे करंट ३५ वरून ४२ च्या घरात जातो. प्रकाश फार तर दीडपट वाढतो, दहापट नाही. त्यातही बहुतेकांनी तुलना केलेली असते ती अर्ध्या संपलेल्या बटण सेलशी. नवे बटण सेल घातले असते तरी त्यांना असाच आनंद झाला असता. शिवाय डायोड तापला की त्याच करंटला कमी प्रकाश देतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटांत हाही फायदा घटत जातो. मोठ्या सेलनं लेसर जास्त वेळ चालतो, एवढं मात्र खरं.

दोन लिथियम सेल एकामागे एक लावले की ८.४ व्होल्ट, पुन्हा तोच मृत्यू. रेझिस्टर काढून टाका म्हणणाऱ्यांना तर उत्तर द्यायचीही गरज नाही, वरचा हिशेब त्यांनी स्वतः करून पाहावा.

काडी पेटवणारे व्हिडिओ खोटेच असतात असं नाही. पण त्यांतला डायोड वेगळा असतो, बहुतेकदा डीव्हीडी रायटरमधून काढलेला, मुळातच शंभर मिलीवॅट आणि त्याहून जास्त ताकदीसाठी घडवलेला. नळी तेवढी स्वस्त लेसरची. बॅटरी बदलून पाच मिलीवॅटच्या डायोडमधून ती आग निघत नाही, आणि ज्या डायोडमधून निघते तो मुलांच्या हातात असूच नये.

हिरव्या लेसरबद्दल मला जास्त काळजी वाटते. लाल लेसरमध्ये डायोड थेट लाल प्रकाश देतो. साध्या हिरव्यात तसं नसतं. आत ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा (ही लांबीच प्रकाशाचा रंग ठरवते), न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा डायोड असतो. तो एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचे किरण निघतात, तेही अदृश्य, आणि दुसरा स्फटिक त्यांची तरंगलांबी निम्मी करून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश बनवतो. दोन्ही स्फटिक तापमानाला फार नाजूक. बॅटरी वाढवली की आतला डायोड तापतो, त्याची तरंगलांबी सरकते, पहिला स्फटिक ती नीट शोषत नाही. मग हिरवा ठिपका उलट मंद होऊ शकतो आणि अवरक्त मात्र भरभरून बाहेर येतं. ते अडवणारी काच महाग लेसरमध्ये असते, स्वस्तात अनेकदा वगळलेली असते. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनं असाच एक स्वस्त, १० मिलीवॅट म्हणून विकलेला लेसर तपासला. हिरवा प्रकाश मंद, अवरक्त जवळजवळ २० मिलीवॅट. आणि त्या लेसरमध्ये कुणी बॅटरी बदललेलीही नव्हती. न दिसणाऱ्या प्रकाशाला पापणी मिटत नाही.

‘५ मिलीवॅट म्हणजे सुरक्षित’ हे म्हणूनच पोकळ आहे. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात डोळा सुखरूप राहावा म्हणून ठरवलेली मर्यादा १ मिलीवॅट आहे, ५ नाही. अंधारात बाहुली ७ मिलीमीटरपर्यंत उघडते, बारीक किरण अख्खा आत जातो आणि डोळ्याचं भिंग तो पडद्यावर केसाहून बारीक ठिपक्यात गोळा करतं. पडद्याला वेदना कळत नाही. मुलाला दुखलं नाही म्हणून घरचे निश्चिंत राहतात, आणि महिन्याभरानं तो सांगतो की वाचताना मधलं अक्षर दिसत नाही. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. अनंत चतुर्दशीला निघणाऱ्या झांक्यांच्या, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांच्या मिरवणुकीच्या, रात्री खांद्यावर बसलेल्या लहानग्यांच्या चेहऱ्यावर हे ठिपके नाचताना मी पाहिले आहेत. अशा गर्दीत कुणाच्या नळीत कुठली बॅटरी आहे, कोण सांगणार?

आपल्या इंदुरात, कॅट रोडच्या पलीकडे, १९८४ मध्ये स्थापन झालेल्या राजा रमण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात लेसरवर देशातलं महत्त्वाचं काम चालतं. अशा गावातल्या मुलांना लेसरचं वेड असलं तर मला आनंदच आहे. भाच्याला मी उरलेला लेसर परत जोडून दिला, तेच तीन बटण सेल घालून. लेसर भिंतीला टेकवून एक मीटरवर समोर जुनी सीडी उभी केली, दोघेही बाजूला, डोळे किरणाच्या रेषेपासून दूर. सीडीच्या रेघांमधलं अंतर १.६ मायक्रॉन. भिंतीवर लेसरच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका उमटला, पट्टीनं मोजला तर ४४ सेंटिमीटरवर. त्यानं वहीत त्या कोनाचा साइन काढला, रेघांमधल्या अंतरानं गुणला आणि लेसरच्या तरंगलांबीचं उत्तर आलं ६४५ नॅनोमीटरच्या आसपास. नळीवर छापलं होतं ६५०.