जत्रेत डफ घेतलाच असेल, तर...

इटली बुटासारखी दिसते हे आपण शाळेत भूगोलात शिकलो. त्या बुटाच्या टाचेत सालेंतो नावाचा मुलूख आहे. लाल माती, ऑलिव्हची झाडं, दगडावर दगड रचून केलेले बांध. इथल्या मेल्पिन्यानो गावात माणसं राहतात दोनेक हजार, पण ऑगस्टच्या अखेरीस एका रात्री तिथे लाखभर लोक येऊन उभे राहतात. 1998 पासून चालू असलेली ही ‘ला नोत्ते देल्ला तारांता’, म्हणजे कोळ्याची रात्र. मासेवाला कोळी नव्हे, आठ पायांचा.

गर्दीबद्दल मी काही बोलणार नाही. विसर्जनाच्या दिवशी पुण्यात लक्ष्मी रोड ओलांडलेल्या माणसाला गर्दी काय शिकवायची! खरा ताप वेगळा आहे आणि तो आपण रोख पैसे मोजून घेतो. त्याचं नाव तांबुरेल्लो.

तांबुरेल्लो म्हणजे डफ आणि खंजिरी यांचं लेकरू. पिठाच्या चाळणीसारखी लाकडी कड, एका बाजूला शेळीचं कातडं आणि कडेच्या खाचांत पत्र्याच्या चकत्यांच्या जोड्या. जुने कारागीर चकत्या रिकाम्या डब्यांच्या पत्र्यातून कापायचे. दुकानदार गिऱ्हाइकाशी भावाची घासाघीस करता करता सहज वाजवतो. आपल्याला वाटतं, आरतीला खंजिरी वाजवलीय, हे काय अवघड! तिथेच फसतो.

घ्यायचाच असेल तर पंचवीस सेंटिमीटरच्या आसपासचा घ्यावा. मोठ्याचा आवाज भरदार असतो, पण तो सगळा वेळ डाव्या हातात उभा धरायचा असतो आणि दहा मिनिटांत मनगट आठवण करून देतं. कातडं बोटाने दाबून पाहावं, कडेपाशी सैल नको. ज्याच्यावर झोकात कोळी रंगवलाय तो भिंतीला टांगायला उत्तम. वाजवायला साधा घ्या.

आता वाजवणं. हे वाद्य खुळखुळ्यासारखं हलवायचं नसतं. डफ उभा धरायचा आणि उजवं मनगट कुलपात किल्ली फिरवल्यासारखं मागेपुढे फिरवायचं. अंगठ्याची कड, बोटांची टोकं, तळव्याचा खालचा भाग, अशी आघातांची फेरी चालते. डावा हात नुसता धरून ठेवत नाही, तोही डफ हलकेच उजव्या हाताकडे आणत असतो. पित्सिका नावाच्या इथल्या नाचाचा ताल म्हणजे चार ठोके आणि प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन मात्रा. आपल्या कानाला तो दादरा वाटतो, पण ज्याला कोणीतरी मागून काठी घेऊन पळवतंय असा दादरा. मराठी माणसाचा हात तिसऱ्या मात्रेला जरा विसावतो. इथे विसावलात की संपलात, कारण पुढचा ठोका तोवर येऊन गेलेला असतो.

मग माणूस वेग पकडायला जोर लावतो. मनगटाऐवजी कोपरातून हात येतो, अंगठा कातड्यावर घासू लागतो. पंधरावीस मिनिटांत अंगठ्याची कड लाल होते, अर्ध्या तासात फोड येतो, त्यानंतर साल जाते. हे नवशिक्यांचंच दुखणं आहे असं नाही, पट्टीच्या वादकांच्या डफांवरही रक्ताचे सुकलेले डाग असतात आणि ते डाग कौतुकाने दाखवतात. आपण कौतुकाच्या भानगडीत न पडता चिकटपट्टी लावावी. तीही फोड यायच्या आधी. नंतर लावलेली पट्टी काढताना जे होतं ते मी इथे लिहीत नाही.

हवेचंही बघावं लागतं. दक्षिणेकडून शिरोक्को वारा सुटला की हवा दमट होते, कातडं ओल धरतं आणि डफ ‘धप्’ करतो, जणू गादीवर बुक्की मारली. उपाय आपल्या हलगीवाल्यांना ठाऊक आहे तोच, शेकणे. फक्त लांबून आणि फिरवत शेकायचा. जाळाशी नेऊन धरलात तर कातडं ताणून फाटतं आणि मग तुमच्याकडे खरोखरची चाळणी उरते.

हे सगळं करायचं कशासाठी? तर पूर्वी हे औषध होतं. कापणीच्या दिवसांत शेतात राबणाऱ्या बायकांना तारांता चावायची आणि त्या पडायच्या, तळमळायच्या. आपल्याकडे अंगात येणं म्हणतात त्याच्याच जातीचं काहीतरी. मग वादक घरी बोलवायचे. ते एकेक सूर, एकेक रंगाची फीत लावून बघायचे. बाईने दाद दिली, नाचू लागली की तोच सूर धरायचा आणि ती थकून शांत होईपर्यंत, वेळ पडल्यास दिवसचे दिवस, वाजवत राहायचं. नार्दो गावचे लुइजी स्तिफानी हे यातले नावाजलेले व्हायोलिनवादक, आणि धंद्याने न्हावी. बऱ्या झालेल्या बायकांनी 29 जूनला गालातिना गावी संत पॉलच्या छोट्या देवळात जाऊन आभार मानायचे, तिथल्या विहिरीचं पाणी प्यायचं. एर्नेस्तो दे मार्तिनो हे मानववंशशास्त्रज्ञ 1959 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ आणि संगीत-अभ्यासक बरोबर घेऊन इथे आले. त्यांच्या लक्षात आलं की बऱ्याच बायकांना हा चावा दरवर्षी त्याच सुमारास पुन्हा ‘चावतो’. कोळ्यापेक्षा घरचं आणि शेतातलं ओझंच जास्त चावत असणार, असं मला आपलं वाटतं.

आज व्यासपीठावर मोठा वाद्यवृंद असतो आणि दरवर्षी नवा संगीत-दिग्दर्शक. 2003 मध्ये स्टुअर्ट कोपलंड होते, ड्रम्सवाले. ते बघायला मजा येते, पण तांबुरेल्लोचा खरा निकाल लागतो तो रिंगणात, ज्याला इथे रोंदा म्हणतात. रोंद्याची सगळ्यात कडक रात्र 15 ऑगस्टची, तोर्रेपादुली गावात, संत रोक्कोच्या देवळापाशी, उजाडेपर्यंत. वादक गोल उभे राहतात आणि मध्ये एकच जोडी नाचते. छोट्या उड्या, अंगाला अंग नाही, फार तर हातात रुमाल. दुसऱ्याला यायचं असेल तर तो आत शिरून एकाची जागा घेतो. तुमचा दादरा तिसऱ्या मात्रेला विसावत असेल तर डफ खाली ठेवा आणि टाळ्या वाजवा. कोणी ओरडणार नाही. शेजारचा म्हातारा फक्त तुमच्या हाताकडे बघेल, आणि ते बघणं ओरडण्यापेक्षा वाईट असतं.

पोटाची सोय म्हणून फ्रीसा मिळते, दोनदा भाजलेला जवाचा पाव, हातोडीने फोडावा इतका टणक. काही सेकंद पाण्यात बुडवायचा, वर टोमॅटो चोळायचा, ऑलिव्ह तेल, मीठ. बटर चहात बुडवून विसरणाऱ्यांनी सावध राहावं. यातलं गणित तेच आहे आणि खाली पडलेला लगदा चमच्याने काढायला इथे बशीही नसते.

परत लेच्चे शहरात जायला त्या रात्री जादा आगगाड्या असतात. मध्यरात्र उलटून गेल्यावर लाखातले बरेच जण त्याच गाडीसाठी निघतात, म्हणून शेवटचं गाणं सोडून आधी स्टेशन गाठावं. आणि एक काम निघण्यापूर्वीच, हॉटेलवर करून ठेवा. तिकीट फोनमध्ये असतं आणि फोन उघडतो उजव्या अंगठ्याने. तो अंगठा तर पट्टीत आहे, आणि पट्टी काढली तरी त्याच्यावर फोनला ओळखू येईल असं फारसं काही उरलेलं नसतं. डाव्या हाताच्या करंगळीची नोंद करून ठेवा. तिला या वाद्यात काम नाही.