शिकवणी घेतंय कोण?

माझी एक मैत्रीण गेली पंधरा वर्षं घरी गणिताच्या शिकवण्या घेते. मध्यंतरी ऑनलाइन शिकवण्याच्या कामासाठी तिची परदेशातून व्हिडिओवर मुलाखत झाली. ओळख करून देताना ती म्हणाली, ‘आय टेक मॅथ्स ट्यूशन्स.’ समोरच्या बाईंनी अगदी आपुलकीने विचारलं, ‘ओह, हू टीचेस यू?’ हिला वाटलं, शिक्षणाबद्दल विचारतायत. हिने कॉलेजातल्या सरांचं नाव सांगितलं. पुढची पाच मिनिटं दोघीही एकमेकींशी फार प्रेमाने, आणि दोन वेगवेगळ्या विषयांवर बोलत होत्या.

फोनवर हे सांगताना ती चिडली होती आणि मी हसत होते. हसू ओसरल्यावर लक्षात आलं की घोळ आपल्या ‘घेणे’ने घातलाय. मराठीत सर तास घेतात, बाई परीक्षा घेतात, शिकवणीही शिकवणाराच घेतो. शिकणारा ती ‘लावतो’. इंग्रजीत ‘टेक लेसन्स’ म्हटलं की तो शिकणारा, आणि शिकवणारा ‘गिव्ह’ करतो. परीक्षेचंही तसंच. आपला विद्यार्थी परीक्षा देतो, त्यांचा ती ‘टेक’ करतो. (ब्रिटनमधले शिक्षक ‘टेक अ क्लास’ हे शिकवण्याबद्दलही म्हणतात, पण म्हणून ‘टेक लेसन्स’चा अर्थ उलटा होत नाही.) तिने नुसतं ‘आय टीच मॅथ्स प्रायव्हेटली’ किंवा ‘आय ॲम अ प्रायव्हेट मॅथ्स ट्यूटर’ म्हटलं असतं तर काम झालं असतं. ‘ट्यूशन टीचर’ हा आपला जोडशब्द ब्रिटन-अमेरिकेत सहसा कुणी वापरत नाही, ‘ट्यूटर’मध्ये ते सगळं आलं.

‘लेसन’ या शब्दाला आपण का बिचकतो, याचाही मी विचार केला. आपल्या डोक्यात लेसन म्हणजे पाठ्यपुस्तकातला धडा, पहिला, दुसरा, तिसरा. पैसे देऊन एखाद्याकडे तासभर शिकायचं, त्यालाही लेसनच म्हणतात, हे पटकन सुचत नाही. आणि सुचलं तरी जपून. एका ओळखीच्या संगीतशिक्षकांनी नव्या विद्यार्थ्याला लिहिलं होतं, ‘आय विल टीच यू अ लेसन एव्हरी संडे.’ म्हणजे दर रविवारी अद्दल घडवीन! ‘धडा शिकवणे’ दोन्ही भाषांत एकाच अर्थाने जातं, हे त्यांना मी सांगितल्यावर ते स्वतःच पोट धरून हसले. तिथे ‘गिव्ह यू अ लेसन’ हवं होतं.

आता ‘ट्यूशन’. हा मूळचा लॅटिन शब्द, सांभाळणं, राखण करणं या अर्थाचा. इंग्रजीतही आधी तो पालकत्वासाठी होता, नंतर शिकवण्यासाठी आला. ब्रिटिश इंग्रजीत ट्यूशन म्हणजे प्रामुख्याने शिकवणं, त्यामुळे पैशाबद्दल बोलताना ते ‘ट्यूशन फीज’ म्हणतात. इंग्लंडमध्ये विद्यापीठांनी १९९८ साली विद्यार्थ्यांकडून वर्षाला १,००० पौंडांपर्यंत फी घ्यायला सुरुवात केली, २०१२ मध्ये ती मर्यादा ९,००० पौंडांवर गेली. त्या सगळ्या बातम्यांमध्ये शब्द ‘ट्यूशन फीज’ असाच येतो. अमेरिकेत मात्र ट्यूशन म्हणजे बहुतेकदा थेट पैसेच. ‘ट्यूशन वेंट अप’ म्हणजे फी वाढली. आपल्याकडचं कुणी तिथे सहज म्हणालं, ‘माय डॉटर गोज टू ट्यूशन,’ तर ऐकणाऱ्याला वाटेल, मुलगी फीकडे चाललीय.

इंग्रजीत सहसा न होणाऱ्या ‘ट्यूशन्स’ या अनेकवचनावर मात्र मी तुटून पडणार नाही. आपण ते इतकी वर्षं वापरतोय की ते आपलं झालंय, आपसात खुशाल वापरावं. कुणाच्या तरी मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ‘हे बघा यांचं इंग्रजी’ म्हणत फिरवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. पण बाहेरच्या माणसाशी पैशाचा व्यवहार ठरवत असाल तर कोण देणार, कोण घेणार, कशाचे आणि कधी, एवढं तरी वाक्यात नीट असायला हवं. उच्चार आणि स्पेलिंग मागाहून बघू.

फीचं बघा. आपण फी ‘भरतो’, म्हणून ‘आय फिल्ड द फीज’ होतं. भरायचा तो फॉर्म. फी ‘पे’ करायची. आणि ‘पे’च्या मागे ‘फॉर’ कधी लावायचा यात भलेभले अडखळतात. ‘पे द फीज’, पण ‘पे फॉर द लेसन्स’. फी हे स्वतःच पैसे आहेत, ते थेट दिले. तास ही विकत घेतलेली गोष्ट, तिच्या‘साठी’ पैसे दिले. आणि माणसाला द्यायचे तर ‘पे द ट्यूटर’, मध्ये ‘टू’ नको. ‘फीज’ला ‘इज’ लावू नका, मराठीतली ‘फी’ एकवचनी असली तरी तिकडे ‘आर’.

‘फीज आर व्हेरी कॉस्टली’ ऐकलं की मला गंमत वाटते, कारण इथे मराठी आपल्याला बरोबर रस्ता दाखवत असते आणि आपण तिचं ऐकत नाही. मराठीत आपण म्हणतो, क्लास महाग आहे, पण फी जास्त आहे. ‘फी महाग’ सहसा म्हणत नाही. इंग्रजीतही अगदी तसंच: कोर्स ‘एक्स्पेन्सिव्ह’, फी ‘हाय’. आणि ‘पर मंथली’ कृपा करून नको. ‘पर मंथ’ किंवा ‘मंथली’, दोनातलं एक.

एक जाता जाता. इंग्लंडमधलं ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे भरपूर फी घेणारी खासगी शाळा. १४४० साली निघालेलं ईटन त्यातलंच, आणि त्याची सुरुवात मात्र सत्तर गरीब मुलांना फुकट शिकवण्यासाठी झाली होती. अमेरिकेतलं ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे सरकारी, बिनफीचं.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. पैसे मागायला आपल्याला लाज वाटते आणि ती लाज आपण इंग्रजीच्या पदराखाली लपवतो. ‘काइंडली नोट दॅट फीज विल बी इन्फॉर्म्ड.’ कोण कळवणार, कुणाला, कधी? काहीच नाही. आणखी वाईट म्हणजे ‘प्लीज सेंड ॲडव्हान्स फी’. इंग्रजीत ‘ॲडव्हान्स फी’ हे शब्द फसवणुकीच्या एका प्रकाराशी जोडलेले आहेत. मोठ्या रकमेचं आमिष दाखवून आधी थोडे पैसे उकळायचे, त्याला हेच नाव आहे. तुम्ही सज्जनपणे आगाऊ फी मागता आणि समोरचा नंबर ब्लॉक करतो. ‘फीज आर पेएबल इन ॲडव्हान्स’ म्हणा, कुणी दचकणार नाही.

मैत्रिणीला मी तीन ओळींची जाहिरात लिहून दिली. मी गणिताचे खासगी तास देते, तासाला इतके आकारते, पैसे आगाऊ, पहिला तास मोफत. मोफतसाठी तिला ‘फ्री ऑफ कॉस्ट’ हवं होतं, मी ‘फ्री’ एवढंच ठेवलं. तासाची रक्कम तिने दोनदा खोडली, मी दोनदा परत लिहिली.

जाहिरात टाकल्यावर दोनच दिवसांत पहिली चौकशी आली. एका मोठ्या वयाच्या गृहस्थांनी विचारलं होतं, ‘डू यू टेक ॲडल्ट्स?’

तिचा लगेच फोन. ‘अगं, आता हा टेक कुठला?’