नर्सला औषध लिहू द्यायचं, तर बंदही करू द्या

ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिस नर्सना, म्हणजे जास्तीचं शिक्षण घेऊन पेशंट तपासणाऱ्या नर्सना, प्रिस्क्रिप्शन लिहायचे जास्त अधिकार द्यावेत का, हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो डॉक्टर पुरत नाहीत, दुसरा म्हणतो पेशंटच्या जिवाशी खेळ होईल. मी अधिकार वाढवण्याच्या बाजूचा आहे. मला धास्ती आहे ती अर्ध्या अधिकाराची. दोन्ही तटांना खूश ठेवायचं म्हणून नियम असे केले जातात की गोळी चालू करायची मुभा आहे पण बंद करायची नाही, डोस वाढवता येतो पण रक्ताची तपासणी लिहून देता येत नाही.

याचा अर्थ काय होतो ते रॅमिप्रिलवर बघू. बीपीसाठी रोजचं औषध, सुरुवात बहुधा २.५ मिलिग्रॅमने. चालू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा आकडा) आणि पोटॅशियम बघायचं, चालू केल्यावर एक-दोन आठवड्यांत पुन्हा बघायचं, डोस वाढवला की परत तेच. क्रिएटिनिन मूळ आकड्याच्या ३० टक्क्यांपर्यंत चढलं तर साधारणपणे चालवून घेतात, त्यापुढे गेलं तर कारण शोधायचं. पोटॅशियम ६ वर पोचलं तर गोळी ताबडतोब थांबवायची. आता समजा, नर्सला गोळी लिहिता येते, पण तपासणीच्या फॉर्मवर डॉक्टरची सही लागते. सही मिळेपर्यंत दोन आठवड्यांचे पाच होतात.

त्यातच या पेशंटला दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी आधीच लावलेली असते आणि गुडघा दुखतो म्हणून तो दुकानातून आयबुप्रोफेन आणून खातो. आयबुप्रोफेन किडनीच्या गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी आकसवतं, रॅमिप्रिल बाहेर जाणारी सैलावतं, आणि लघवीच्या गोळीने शरीरातलं पाणी मुळातच कमी झालेलं असतं. गाळणीतला दाब पडतो. वर दोन दिवस जुलाब झाले की किडनी बसायला एवढं पुरतं. फॉलोअपला बसलेल्या नर्सला हे त्रिकूट चांगलं माहीत असतं, चिठ्ठ्या समोर ठेवल्या की तिच्या लक्षातही येतं. पण नियमानुसार ती रॅमिप्रिल २.५ वरून ५ करू शकते, आणि लघवीची गोळी चार दिवस थांबवू शकत नाही, कारण ती ‘दुसऱ्याने लिहिलेली’ आहे! याला सुरक्षितता म्हणायचं असेल तर म्हणा.

दुसरी आवडती युक्ती म्हणजे यादी. नर्सला ठरावीक आजारांसाठी ठरावीक औषधंच लिहिता येतील, असा तक्ता करायचा. ब्रिटनने २००२ मध्ये हाच प्रयोग केला. पेशंट यादी वाचून आजारी पडत नाहीत, आणि नवीन औषध आलं की यादीत घालेपर्यंत वेळ जातो. यादी वाढवत वाढवत शेवटी २००६ मध्ये त्यांनी ती मोडीतच काढली. पात्र नर्सला आपल्या कौशल्याच्या कक्षेतलं जवळपास कोणतंही औषध लिहिता येऊ लागलं, आणि २०१२ मध्ये बहुतेक नियंत्रित औषधंही, म्हणजे मॉर्फिनसारखी कडक कायद्याखालची औषधंही, त्यात आली. ‘आपल्या कक्षेतलं’ हे शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचे. मधुमेहाचं काम करणाऱ्या नर्सने इन्सुलिनचा डोस बदलावा, लिथियमला, म्हणजे मानसिक आजाराच्या औषधाला, हात लावू नये. ती मर्यादा तिच्या प्रशिक्षणावरून आणि नेमणुकीवरून ठरते, औषधांच्या तक्त्यावरून ठरत नाही.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. निम्म्याहून जास्त राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर (तिथल्या ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिस नर्सचा एक प्रकार) स्वतंत्रपणे औषधं लिहितात, बाकीच्या बऱ्याच ठिकाणी डॉक्टरबरोबर लेखी करार लागतो. करारातला डॉक्टर पेशंटला बघेलच असं नाही, कित्येकदा तो फक्त नंतर काही केसपेपर चाळतो. पण तो निवृत्त झाला, गाव सोडून गेला किंवा वारला, की दुसरा डॉक्टर मिळेपर्यंत नर्सचा लिहायचा अधिकार अडकतो आणि तिचे सगळे पेशंट लटकतात. ब्युप्रेनॉर्फिनचं उदाहरण तर बोलकं आहे. अफूवर्गीय व्यसनावरचं हे औषध लिहायला खास परवानगी लागायची, त्यासाठी डॉक्टरला ८ तासांचं प्रशिक्षण पुरे होतं, नर्स प्रॅक्टिशनरला २४ तास लागायचे. तीच नर्स ऑक्सिकोडोन, म्हणजे व्यसन लावू शकणारी वेदनेवरची गोळी, अनेक राज्यांत त्या खास परवानगीशिवाय लिहू शकत होती. ती परवानगीची अट २०२२ च्या अखेरीस रद्द झाली, डॉक्टरांसाठीही.

आता विरोधकांच्या ज्या मुद्द्यात दम आहे तो. प्रशिक्षण. अमेरिकेत बरीच वर्षं नर्स प्रॅक्टिशनरला प्रत्यक्ष पेशंटसोबत किमान ५०० तास पुरायचे, २०२२ च्या मानकांत ते ७५० झाले. मला हेही कमीच वाटतात, विशेषतः वॉर्डचा फारसा अनुभव न घेता थेट कोर्सला आलेल्यांसाठी. ब्रिटनच्या कोर्समधली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. औषधशास्त्राच्या पेपरला पास व्हायला ८० टक्के लागतात आणि डोसच्या गणिताला १००. एकही चूक चालत नाही.

अनेकांना ते जाचक वाटतं. म्हणून हे गणित करून बघा. १२ किलोचं मूल, ताप, पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८० मिलिग्रॅम. सिरप ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमचं असेल तर साडेसात मिलिलिटर द्यायचं. चिठ्ठीवर नुसतं ‘७.५ मिलि’ लिहिलं आणि दुकानातून ५ मिलिलिटरला २५० वालं सिरप आलं, तर मुलाच्या पोटात ३७५ मिलिग्रॅम जातं. दुपटीहून जास्त, आणि दिवसातून चार वेळा. म्हणून वजन, मिलिग्रॅम, सिरपची ताकद आणि मिलिलिटर हे चारही चिठ्ठीवर हवेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही हवेत, पण तो वेगळा दुखरा विषय.

पुरावा विचाराल तर २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) ४६ अभ्यास तपासले होते. नर्स आणि फार्मासिस्ट यांनी औषधं लिहिली तेव्हा बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉलचे आकडे डॉक्टरांच्या तोडीचे निघाले. मात्र यातले बहुतेक अभ्यास जुनाट आजारांच्या फॉलोअपचे आहेत. निदानच न झालेल्या तापाला तो पुरावा ओढूनताणून लावू नये. आणि एक लक्षात घ्या, त्या अभ्यासांत लिहिणाऱ्यांना बऱ्यापैकी स्वायत्तता होती. अर्ध्या अधिकाराची ती परीक्षा नव्हती.

नर्स गरज नसताना अँटिबायोटिक लिहितील ही भीतीही रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे कोण काय आणि किती लिहितं याचा हिशोब दर तीन महिन्यांनी त्याच माणसाच्या हातात देणं. पण इथेच गाडी अडते. नियम बदलतो, संगणकाची प्रणाली तीच राहते. ‘औषध लिहिणारा’ या रकान्यात फक्त डॉक्टरांची नावं येतात, मग नर्स एक नाव निवडते आणि चिठ्ठी त्या नावाने छापली जाते. तपासणीचा रिपोर्ट त्या डॉक्टरच्या खात्यात जाऊन पडतो आणि पोटॅशियम ६.२ आलेलं नर्सला कळतच नाही. नर्सच्या नावाने स्वतंत्र नोंदणी क्रमांक, तो चिठ्ठीवर, आणि रिपोर्ट थेट तिच्याकडे, एवढं झाल्याशिवाय अधिकाराचा आदेश काढूच नये.