वेळ लागला म्हणजे कॅन्सरच, असं सांगत फिरणाऱ्यांनो

आज जळगावात एका लॅबच्या काउंटरसमोर चोपड्याकडची एक ताई उभी होती. छातीतल्या गाठीची बायोप्सी झालेली, रिपोर्ट अजून यायचा होता. सोबतची जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, "येळ लागना म्हणजे तोच रोग शे." ताईच्या हातातली फाईल थरथरायला लागली. संताप अजून उतरत नाहीये.

अहो, वेळ कशात जातो ते तरी विचारा! सुईने काढलेले शेवईसारखे तुकडे आधी फॉर्मेलिनमध्ये (तुकडे खराब होऊ न देणाऱ्या द्रावणात) किमान ६ तास ठेवावेच लागतात. तिथे घाई केली की पुढे ईआर-पीआरची, म्हणजे कॅन्सर हार्मोनवर वाढतो का याची, तपासणी चुकू शकते. मग मशीनमध्ये त्यातलं पाणी काढून मेण भरायचं, ब्लॉक बनवायचा, अगदी पातळ, ३-४ मायक्रॉनचे काप काचेवर घेऊन रंगवायचे. त्यानंतर डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघणार. मध्ये रविवार आला की आणखी एक दिवस गेला. लॅबची ढिलाईही असते कधीकधी, मान्य. म्हणून रिपोर्ट कुठल्या वारी मिळेल आणि फोन कोणाला करायचा, हे बायोप्सीच्या दिवशीच लिहून घ्या.

आयएचसी (तुकड्यातली ठरावीक प्रथिनं खास रंगाने शोधणारी तपासणी) लावलंय म्हटलं की बहुतेकदा कॅन्सर दिसलेला असतो, हेही खरं. पण गाठ साधी आहे याची खात्री करायलाही कधी आयएचसी लागतं. कॅन्सर असेल आणि त्यात हर-टू हे प्रथिन '२+', म्हणजे धड हो नाही धड नाही असं आलं, तर त्याच्या जनुकाची फिश तपासणी, म्हणजे आणखी थांबणं. हे त्या जाऊबाईंना कोण सांगणार?

सोनोग्राफीवर 'बायरॅड्स ४' (गाठ किती संशयास्पद, याची श्रेणी) दिसलं की घरात रडारड सुरू होते. पुढचं अक्षर बघा ना. ४ए असेल तर कॅन्सर निघण्याची शक्यता २ ते १० टक्के, ४सी असेल तर ५० ते ९५. एकाच आकड्याखाली एवढी तफावत आहे.

आणि "सुई लावली की रोग पसरतो" म्हणत लेप लावत बसणाऱ्यांपुढे तर हात टेकले. नुकसान होतं ते उपचार लांबल्याने.

ताई, तुम्ही हे वाचत असाल तर एवढं करा. सुईच्या जागी फडक्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. शेक नको, चोळणं नको. एक-दोन दिवस हंडा, कापसाचं गाठोडं उचलू नका. निळंकाळं पडलं तर घाबरू नका, ते ओसरतं. ताप आला, पू आला किंवा सूज वाढत गेली तर मात्र लगेच दवाखाना गाठा. रात्री झोप उडाली तर मोबाईलवर शोधत बसू नका, मनात येणारे प्रश्न वहीत लिहा आणि तीच वही डॉक्टरांसमोर उघडा. रिपोर्ट आणायला धीर देणारं माणूस सोबत न्या, मग ती जाऊ नसली तरी चालेल. जुन्या मॅमोग्राफीच्या (स्तनाच्या एक्स-रेच्या) फिल्म जपून ठेवा. मुंबईला टाटात दुसरं मत घ्यायचं ठरलं तर लॅबकडून ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. नुसत्या कागदावर तिथे काम भागत नाही.