वॅक्स चुकलं असणार

नॉर्वेजियन माणूस अनोळखी माणसाशी आपणहून बोलत नाही हे खरंय, पण हातात स्की घेऊन ट्रेनमध्ये चढा आणि बाहेर तापमान शून्याच्या आसपास असू द्या, मग बघा. ओस्लोची एक नंबरची मेट्रो वर फ्रोग्नेरसेतेरेनला, जंगलाच्या तोंडाशी नेऊन सोडते आणि हिवाळ्यातल्या रविवारी तिच्यात माणसांना उभं राहायला जागा नसते एवढे स्की असतात. आमच्याच बिल्डिंगमधली एक बाई, लिफ्टमध्ये रोज भेटते, कधी मान वर करून बघत नाही, ती त्या गर्दीत माझ्या स्कीच्या तळाकडे बघून विचारते, काय लावलंयस? हाय नाही, हॅलो नाही, डायरेक्ट काय लावलंयस.

ज्यांना स्की म्हटलं की सोलंग व्हॅली आणि भाड्याचा ओव्हरकोट आठवतो त्यांच्यासाठी थोडं सांगते. तो प्रकार वेगळा, तिथे डोंगरावरून खाली यायचं असतं आणि बरंचसं काम गुरुत्वाकर्षण करतं. क्रॉसकंट्रीत सपाटीवरून जायचं, चढही चढायचे, सगळं आपल्या दमावर, बुटाचं फक्त टोक स्कीला अडकवलेलं आणि टाच मोकळी. मूळ भानगड अशी की तीच पट्टी पुढे सुळकन घसरली पाहिजे आणि पायाने मागे रेटा दिला की जागच्या जागी थांबली पाहिजे. आता हे एका पट्टीकडून कसं करून घ्यायचं? तर पुढच्या आणि मागच्या भागाला घसरायचं वॅक्स, ते इस्त्रीने वितळवून लावायचं, थंड झालं की खरवडायचं, ब्रश मारायचा. आणि मधल्या भागाला, म्हणजे टाचेपासून पुढे साधारण हातभर, पकडीचं वॅक्स, ते पातळ पातळ थरांत चोपडून प्रत्येक थर बुचाने घासायचा. स्कीला मधे कमान असते, नुसते उभे राहिलात तर तो मधला भाग बर्फाला टेकतच नाही, पूर्ण वजन एका पायावर टाकलंत तरच टेकतो, बर्फाचे कण वॅक्समध्ये रुततात आणि पकड मिळते. दुकानात यासाठी तुम्हाला स्कीवर उभं करून खाली कागद सरकवून बघतात, दोन पायांवर असताना कागद हलायला हवा, एका पायावर आलात की अडकायला हवा. मी उभी राहिले तेव्हा तो अडकलेला कागद दुकानातला पोरगा बराच वेळ ओढत बसला होता आणि मग फार नम्रपणे म्हणाला की आपण जरा कडक जोडी बघूया का.

वॅक्सला रंग असतात. कडक थंडीत हिरवं, मग निळं, शून्याच्या जवळ जांभळं, त्याच्यावर लाल. बर्फ ताजा आणि थंड असेल तर कण टोकदार असतात, त्यांना कडक वॅक्स लागतं, ऊब वाढली की कण बोथट होतात आणि वॅक्स मऊ लागतं, एवढंच त्यातलं शास्त्र. स्वीडनचा स्कीपटू मार्टिन मात्सबो आणि त्याच्या मंडळींनी १९४६ साली स्विक्स नावाची वॅक्सची कंपनी काढली आणि ही रंगांची पद्धत लोकांच्या हातात दिली, त्याआधी जो तो आपापल्या चुलीवर डांबर आणि मेण शिजवायचा, म्हणे ग्रामोफोनच्या तबकड्या आणि सायकलच्या ट्यूबासुद्धा वितळवायचे. म्हणजे रंग आले आणि सोपं झालं असं वाटेल, पण झालं असं की आता वाद घालायला सगळ्यांकडे एकच यादी आली.

आणि हो, नवीन शिकणाऱ्याने सरळ फेलेस्की घ्यावेत, त्याच्या पोटाला मोहेरची केसाळ पट्टी असते, वॅक्सचा प्रश्नच नाही. मला हे माहीत होतं. पण शेजारच्या नॉर्वेजियन काकांनी त्यांच्या मुलीची जुनी वॅक्सवाली जोडी दिली, फुकट, आणि फुकट मिळालेली वस्तू परत करायचं शिक्षण आमच्या घराण्यात कोणाला मिळालेलं नाहीये.

काका सत्तरी ओलांडलेले आहेत आणि तळघरात त्यांची वॅक्सची खोली आहे. खोलीत टेबल, शिकंजा, इस्त्री, भिंतीवर रंगाप्रमाणे लावलेल्या डब्या, आणि अगदी वरच्या फळीवर फ्लोरिनवाल्या पावडरची एक छोटीशी बाटली. ती पावडर सोन्याच्या भावाने मिळायची आणि ओल्या बर्फावर स्की नुसते उडायचे, पण ती रसायनं निसर्गात मुरतात ती जातच नाहीत, वॅक्स लावणाऱ्या टेक्निशियन लोकांच्या रक्तात सापडली, तेव्हा आंतरराष्ट्रीय स्की संघटनेने २०२३-२४ च्या सीझनपासून त्यावर पूर्ण बंदी घातली. काका ती वापरत नाहीत. फेकतही नाहीत. अधूनमधून नुसती खाली काढून पुसून ठेवतात.

तर मुद्दा असा की मी चढावर मागे घसरायचे. सगळं जग पुढे जातंय आणि मी दोन काठ्यांवर लोंबकळत त्याच जागी पाय मारतेय. कारण उघड होतं, मी वजन पूर्णपणे एका पायावर टाकतच नव्हते, कारण एका पायावर घसरत उभं राहायला माणसाला स्वतःबद्दल एक खात्री लागते आणि ती मला बाथरूममधल्या ओल्या फरशीवरही नाहीये. क्लासमधली बाई सांगायची, नाक, गुडघा आणि अंगठा एका सरळ रेषेत आणा. माझं नाक बरोबर मधोमध, दोन्ही स्कींना समान न्याय. पण काका एकदाही म्हणाले नाहीत की तुला येत नाही. थांबायचे, माझी स्की उलटी करून अंगठा फिरवायचे, आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, वॅक्स चुकलं असणार.

नंतर लक्षात आलं की हे सगळेच म्हणतात. ऑफिसात कोणी शर्यतीत मागे पडलं, वॅक्स. मेहुणा पुढे गेला, त्याचं वॅक्स लागलं. टीव्हीवर त्यांची टीम हरली की स्टुडिओत बसलेले तज्ज्ञ खेळाडूंना सोडून टीमचं वॅक्स लावणाऱ्या ट्रकबद्दल बोलतात. इतकी सोय कुठल्याच खेळाने करून दिलेली नाही. आपल्याकडे क्रिकेटमध्ये पिच आहे, पण ते दोन्ही टीमना एकच, इथे प्रत्येकाचं कारण त्याच्या स्वतःच्या पायाखाली.

अशा वातावरणात ऑफिसच्या ग्रुपने बिर्केबाइनर नावाच्या शर्यतीला नावं दिली आणि मी कॉफीच्या मशीनपाशी उभी होते म्हणून माझंही गेलं. रेना ते लिलेहामर, ५४ किलोमीटर, मधे दोन मोठे चढ, वर नऊशे मीटरच्या आसपास जातं, आणि पाठीवर साडेतीन किलोची पिशवी. ही पिशवी का, तर १२०६ साली यादवी चालू असताना त्यातल्या बिर्केबाइनर नावाच्या गटाच्या दोन वीरांनी दोनेक वर्षांच्या राजपुत्र होकोनला बर्फातून डोंगरापलीकडे पळवून नेलं, पुढे तो राजा झाला, आणि १९३२ पासून लोक त्याच्या आठवणीत तेवढं ओझं घेऊन धावतात. आईला फोनवर हे सांगितलं. आई म्हणाली, दोन वर्षांचं पोर साडेतीन किलोचं? तू जन्मलीस तेव्हा तेवढी होतीस. काही खायला घालत नव्हते का गं त्याला?

बरं, त्यात आणखी एक गंमत कोणी मोठ्याने बोलत नाही. त्या वीरांनी पोराला लिलेहामरच्या बाजूने उचलून पलीकडच्या खोऱ्यात नेलं, आणि शर्यत आहे ती पलीकडून लिलेहामरकडे. म्हणजे दरवर्षी हजारो लोक जीव तोडून त्या बाळाला परत शत्रूच्या दारात आणून ठेवतात.

तयारीबद्दल फार लिहीत नाही, ती सगळीकडे सारखीच कंटाळवाणी असते. दोनच गोष्टी सांगते. अंगाला लागून सुती काही घालू नका, घामाने भिजलं की वाऱ्यात माणूस गारठतो, लोकरीचं बनियन घाला. आणि चिक्की नेऊ नका. शून्याखाली गेली की चिक्कीला दात लागत नाहीत, दातच चिक्कीला लागतात. शेंगदाण्याचे लाडू चालतात, आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवायचे. पिशवीत भरलेलं खाणं मात्र वजनात धरू नका, काटा शेवटी असतो आणि तोवर तुम्ही ते खाल्लेलं असतं.

आता क्लिस्टर. शर्यतीच्या आठवड्यात अंदाज आला की आधी वितळेल, मग रात्री गोठेल, म्हणजे ट्रॅक काचेचा, आणि अशा बर्फावर साधं वॅक्स दहा मिनिटांत खरवडून निघतं. तिथे ट्यूबमधलं क्लिस्टर लागतं. क्लिस्टर म्हणजे फणसाचा चीक, यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही. ट्यूब गरम करायची, बारीक तिरक्या रेघा ओढायच्या, अंगठ्याने पसरायचं. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसले आणि थोड्या वेळात क्लिस्टर स्कीला, वर्तमानपत्राला, फ्रिजच्या दांड्याला, माझ्या केसांना आणि रिमोटला लागलेलं होतं. रिमोटला मी हातसुद्धा लावला नव्हता. नवरा मदतीला आला आणि दाराच्या मुठीला चिकटून राहिला, तिथूनच त्याने सल्ला दिला की हल्ली स्वीडनच्या वासालोपेतमध्ये पुढचे लोक ९० किलोमीटर पकडीचं वॅक्स न लावता नुसते काठ्या मारत जातात, तू तसंच का नाही करत. त्या लोकांचे दंड आणि माझे दंड यातला फरक त्याला लग्नाच्या इतक्या वर्षांत दिसला नसावा.

सासूबाई त्या वेळी रत्नागिरीहून आलेल्या होत्या, हीटरपाशी शाल गुंडाळून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, अगो, हाताला आधी तेल नाही का लावलंस? आणि खोबरेलाची बाटली घेऊन आल्या. दोन मिनिटांत माझे हात साफ, मूठ साफ, नवरा सुटा. तेवढ्यात काका चौकशीला आले. सासूबाईंनी त्यांच्याही अंगठ्याला तेल चोळलं, काका थक्क झाले, बाटली वास घेऊन बघितली, कुठे मिळते विचारलं. मग सासूबाई उत्साहाने तीच बोटं घेऊन स्कीच्या तळाकडे वळल्या, आणि इतक्या वर्षांत कधी आवाज न चढवलेला तो माणूस 'नाय' असं जे ओरडला ते वरच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. तळाला तेल लागलं की त्यावर काहीच धरत नाही. सासूबाई मला म्हणाल्या, 'नाय' म्हणतायत, मालवणी येतं वाटतं यांना.

आणि शर्यतीच्या आदल्या रात्री अंदाज फिरला. ताजा बर्फ, कोरडी थंडी. क्लिस्टरवर ताजा बर्फ म्हणजे पायाखाली गोळे, म्हणून ते सगळं परत खरवडून, रिमूव्हरने पुसून, नव्याने निळ्या वॅक्सचाच एक प्रकार, निळा एक्स्ट्रा, थरावर थर, प्रत्येक थर बुचाने घासत. काका शेजारी बसून थर मोजत होते.

पहाटे बसने रेनाला सोडलं. उणे पाच, वारा नाही, आकाश निळंभोर, ट्रॅक आखून दिलेला. आणि हजारो माणसांच्या चेहऱ्यावर मला एक विचित्र अस्वस्थता दिसली. जो तो दुसऱ्याला विचारत होता काय लावलंयस, आणि जो तो सांगत होता निळा एक्स्ट्रा. वादच नाही. एकजण तर कसनुसं हसून म्हणाला की आज सगळ्यांचंच लागणार.

आणि लागलं. पहिल्या चढाला स्की मागे गेली नाही. दुसऱ्या चढालाही नाही. पकड घट्ट, घसरण मस्त, खाली उतरताना तर गरजेपेक्षा जास्त मस्त, शूस्योएनच्या पुढे लिलेहामरकडे जो उतार लागतो त्यावर मी ट्रॅक सोडून, टाचा बाहेर फेकून, दोन्ही स्कींचं नांगर करून, मोठमोठ्याने रामरक्षा म्हणत आले. बाजूने आजोबा गेले, आज्या गेल्या, शाळकरी पोरं गेली, सगळ्यांनी हैया हैया करून मला प्रोत्साहन दिलं. पाय लाकडाचे झाले, लाडू संपले, पिशवीतल्या बाळाचं वजन वाढत गेलं, पण वॅक्स शेवटपर्यंत टिकलं. फिनिशला काट्यावर पिशवी ठेवली, भरली, आणि आपापल्या वयोगटातल्या पहिल्या काही जणांच्या सरासरी वेळेच्या २५ टक्के आत येणाऱ्यांना मिळतो तो बिल्ला देणारे लोक तोवर बहुधा जेवून झोपले होते.

काका स्टेडियमवर घ्यायला आले होते. माझी वेळ बोर्डावर बघितली. मग स्की उलटी केली, सवयीने अंगठा फिरवला, वॅक्स एकसारखं, कुठे उडालेलं नाही, गोळे नाहीत, घाण नाही. आभाळाकडे बघितलं, तिथेही काही नव्हतं. बराच वेळ ते तसेच स्की धरून उभे राहिले, माझ्याकडे बघेनात, आणि शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाले, पिशवीचे पट्टे जरा सैल होते का?

मी म्हटलं, हो ना काका. खूपच सैल होते.